खडीखालची माती

आमच्या कंपनीच्या गेटवर पाहुण्यांचं एक रजिस्टर असतं. त्यात सलग दोन पावसाळे दर मंगळवारी एकच नाव सापडेल, सोपानतात्यांचं. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात माझं नाव. 'सोबतचे साहित्य' या रकान्यात 'खुरपं, एक'. सकाळी सव्वासातला गेटवरून फोन यायचा, "मॅडम, तात्या आलेत तुम्हाला भेटायला." मी म्हणायचे, सोडा. तात्या आत यायचे, दोन तास थांबायचे, पास परत करून निघून जायचे. मला भेटायला मात्र यायचे नाहीत. सिक्युरिटीवाल्यांना वाटत असेल, या बाईचा हा कोण नातेवाईक, आणि ही त्याला साधा चहासुद्धा कशी पाजत नाही.

तात्या माझे कुणी नव्हते. ते आमच्या कंपनीचे माळी, आणि मी तिथली दुभाषी.

कंपनी चाकणला, जपानी मालकीची, गाड्यांचे सुटे भाग करणारी. मी तिथे लागले तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान होता. तो आजही आहे, लपवत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली. आई परभणीकडे दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. मग वडलांना तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये काम लागलं आणि आम्ही इकडे आलो. आईचा माझ्यासाठी एकच हट्ट होता, पोरीच्या हातात खुरपं यायचं नाही. मी आकुर्डीच्या कॉलेजात बी.कॉम. केलं आणि त्याच्या जोडीला जपानीच्या परीक्षा दिल्या. पहिल्या दिवशी इस्त्रीचा ड्रेस घालून, गळ्यात कार्ड अडकवून मी आत शिरले, तर बागेतला एक म्हातारा माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "म्याडम, तुमचं हाफिस वरच्या वावरात हाय. खळ्यावरनं डावीकडं जा."

मी खळं शोधत पाच मिनिटं उभी होते.

खळं म्हणजे पेंट शॉप. वरचं वावर म्हणजे ऑफिसची इमारत. पार्किंग म्हणजे विहीर, आणि कँटीन म्हणजे जांभळीचा तुकडा. ही सगळी जमीन तात्यांच्या घराची होती. भूसंपादनात ती गेली तेव्हा एका घराला एक नोकरी असा करार झाला. भावकीतले बाकीचे गळ्यात चेन घालून प्लॉटिंगच्या धंद्यात गेले. तात्यांनी नोकरी घेतली. साहेबांनी त्यांना मशीनवर घ्यायची तयारी दाखवली होती, त्यात पुढे बढतीही होती. तात्यांनी बाग मागितली. कारण विचारलं की सांगायचे, "मला रानाबाहेर जायाची सवं न्हाई."

ते तक्रार करत होते असं मात्र कुणी समजू नये. जमीन गेल्याचं दुःख मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ते फक्त जुनी नावं सोडायला तयार नव्हते. मालाचा ट्रक आला की ड्रायव्हरला सांगायचे, "विहिरीवर लाव." यूपीचा ड्रायव्हर घाबरून गाडी जागेवरच थांबवायचा.

त्यांची दुसरी सवय गवताची. चालता चालता कुठेही गवताची काडी दिसली की वाकायचे, दोन बोटांत धरून जरा हलवायचे, अलगद ओढायचे आणि मूळ पूर्ण आलं की नाही ते डोळ्यांजवळ नेऊन बघायचे. मूळ तुटलं तर तोंडातल्या तोंडात स्वतःलाच शिवी. आणि उपटलेलं गवत इकडेतिकडे टाकायचं नाही, शर्टाच्या खिशात. संध्याकाळी त्यांच्या युनिफॉर्मचा खिसा हिरवा झालेला असायचा. आलेल्या पाहुण्यांशी बोलतानाही हे चालायचं. एकदा ऑडिटला आलेल्या साहेबांच्या बुटाशी हराळी दिसली, तर तात्यांनी त्यांना पाय उचलायला लावला. साहेबांनी उचलला.

जपानला ते कसे गेले, ती गंमत आगीच्या सरावाची आहे. वर्षातून एकदा भोंगा वाजवतात आणि सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचं असतं. जागांचे फलक इंग्रजीत. इंजिनीअर लोक 'असेम्ब्ली पॉइंट दोन' शोधत फिरत असताना, झाडलोट करणाऱ्या आमच्या बावीस बायका तिथे रांगेत उभ्या होत्या, आपापली डोकी मोजून. डायरेक्टर मोरिता-सान यांनी विचारलं, तुम्ही इतक्या लवकर कशा पोचलात? मुकादम बाई म्हणाली, "तात्या म्हनले व्हते, भोंगा झाला की बांधावर या." लातूर-नांदेडच्या त्या बायकांना तात्यांनी अख्खा कारखाना जुन्या नावांनी पाठ करून दिला होता. विहिरीकडे ढाळ आहे, तिथे पाणी साचतं. बांध उंच, तिथे धूर येत नाही.

मोरिता-सान यांनी त्या वर्षीचं सुधारणेचं बक्षीस तात्यांना दिलं. बक्षीस म्हणजे जपानच्या मूळ कारखान्यात आठ दिवस. इतर वर्षी तिथे इंजिनीअर जायचे, त्यामुळे बरीच तोंडं वाकडी झाली. पण मोरिता-सान यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती.

ऑफिसच्या समोर पाच गुंठ्यांचा एक तुकडा मोकळा राहिला होता. सगळ्या जमिनीतला तेवढाच, ज्याच्यावर शेड, रस्ता, काँक्रीट काही आलं नव्हतं. तात्यांनी तिथे शेवंती, झेंडू लावले होते. मोरिता-सान यांना तिथे त्यांच्याकडच्या देवळात असते तशी दगड आणि खडीची बाग करायची होती. पाणी लागत नाही, आणि आलेल्या माणसाला जरा शांत वाटतं. फॅसिलिटीचे पाटोळे साहेब वाईट माणूस नव्हेत, पण त्यांना दरवर्षीची कटकट नको होती. त्यांनी नकाशा काढला: खाली सहा इंच काँक्रीट, वर प्लॅस्टिकचा कागद, वर पांढरी खडी. म्हणजे गवत उगवायचा प्रश्नच मिटला.

तात्यांनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला. शेवंतीबद्दल चकार शब्द काढला नाही. पाटोळे साहेबांना एवढंच म्हणाले, "साहेब, वर काय बी टाका. खाली शिमिट नका घालू."

पाटोळे म्हणाले, "तात्या, लव्हाळा डांबर फोडून वर येतो, हे मी तुम्हाला सांगायचं का? खडीतलं गवत रोज कोण काढणार?"

तात्या म्हणाले, "तिकडं कसं करत्यात, ते बगून येतो."

म्हणजे बाकीचे लोक जपानला कारखाना बघायला जात, तात्या एक गोष्ट बघायला निघाले होते. दुभाषी म्हणून मी सोबत होते. विमानतळावर फॉर्म भरताना व्यवसायाच्या जागी मी 'माळी' लिहिलं. त्यांनी वाचायला लावलं आणि खोडायला लावलं. शेतकरी लिही म्हणाले. मी म्हटलं, तात्या, शेत कुठंय आता? ते म्हणाले, "पाच गुंठं हाय की."

आमची सुट्टी गुरुवारची, तिथली रविवारची. त्या रविवारी तिथल्या कंपनीच्या माणसाने आम्हाला गावाबाहेरच्या एका देवळात नेऊन सोडलं आणि दुपारी घ्यायला येतो म्हणाला. ऑगस्ट महिना. तिथला उन्हाळा आपल्यासारखा कोरडा नसतो, अंगाला ओलं फडकं गुंडाळल्यासारखं होतं. झाडांवरचे किडे इतके कर्कश ओरडत होते की मला वाटलं, आत गेल्यावरही हाच गोंगाट. पण चपला काढून लाकडी ओसरीवर पाऊल टाकलं आणि काय झालं कोण जाणे, आवाज तोच होता, तरी सगळं शांत वाटायला लागलं.

समोर पांढऱ्या बारीक खडीचं अंगण. त्यात सात दगड, कुणी उभे, कुणी आडवे, बुडाशी शेवाळ. खडीवर दाताळ्याने ओढलेल्या लांब सरळ रेघा, दगडापाशी आल्या की त्याला वळसा घालून पुढे जाणाऱ्या. पलीकडे मातीची बुटकी भिंत. ओसरीवर पाचसहा माणसं गप्प बसलेली. कुणी मोबाइल काढत नव्हतं.

तात्या ओसरीच्या कडेला पाय खाली सोडून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले. बराच वेळ गेला. मी त्यांना इतका वेळ काही न करता बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. मी मनात शब्द जुळवत होते, परत गेल्यावर रिपोर्ट लिहायचा होता. शेवटी मीच विचारलं, कसं वाटतंय? ते हळूच म्हणाले, "नांगराची तासं सरळ काढल्यात. बैल न्हाई, काय न्हाई, तरी सरळ."

आणि मग त्यांना ते दिसलं. तिसऱ्या दगडाच्या अलीकडे, खडीतून वर आलेली बोटभर हिरवी काडी.

मी त्यांच्या नजरेवरून ओळखलं आणि "तात्या, नको" म्हणेपर्यंत ते खाली उतरले होते. अनवाणी. एक, दोन, तीन पावलं. वाकले, दोन बोटांत धरलं, हलवलं, ओढलं, डोळ्यांजवळ नेलं. मूळ पूर्ण आलं होतं. खिशात टाकायला हात वर गेला आणि मागे वळून पाहिलं, तर त्या सुरेख रेघांवर स्वतःची तीन पावलं, आणि ओसरीवरची सगळी माणसं उभी राहिलेली.

शेतात गवत दिसलं आणि माणूस ते न काढता पुढे गेला, असं तात्यांच्या उभ्या आयुष्यात झालं नसेल. पण तिथे त्या खडीवर पाय ठेवायचा नसतो. देवाच्या अंगावर पाय पडल्यासारखंच ते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जपानीत माफी मागायचे जितके प्रकार मी शिकले होते, ते सगळे मी कमरेत वाकून एकापाठोपाठ एक म्हणून टाकले. खरं सांगायचं तर मला तात्यांची काळजी नव्हती. आपण सुशिक्षित, आणि आपल्याबरोबरचा माणूस असा, ही लाज होती.

बाजूच्या दारातून तिथला माळी आला. तात्यांच्याच वयाचा, गळ्यात टॉवेल, कमरेला छोटा विळा. तात्यांनी ती काडी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली आणि, मी हे डोळ्यांनी पाहिलं, डोळ्यांजवळ नेऊन आधी मूळ बघितलं. मान हलवली. काडी आपल्या टोपलीत टाकली. तात्यांना त्यांच्याच पावलांवर पाय देत परत ओसरीवर जायची खूण केली, आणि दाताळं आणून उलटा चालत, मागे मागे येत, ती तिन्ही पावलं पुसून टाकली. स्वतःचीसुद्धा. त्याच्या पायाशी शेवटची रेघ पोचली तेव्हा तो ओसरीवर चढलेला होता. तात्या हे श्वास रोखून बघत होते.

मग तात्या मला म्हणाले, "इचार त्याला. ही जमीन आदी कुनाची व्हती? आन खडीखाली काय हाय?"

आधीच इतका तमाशा झालेला. परक्या देशात, देवळात बसून जमीन कुणाची होती म्हणून विचारायचं? मी जपानीत विचारलं, ही बाग किती जुनी आहे? माळी म्हणाला, चारशे वर्षं. मी तात्यांना सांगितलं, चारशे वर्षं.

तात्या माझ्याकडे वळले. "पोरी," ते म्हणाले. तोवर मी म्याडम होते. "मी इचारलं त्ये इचार."

त्यांना जपानी येत नव्हतं, पण मी काय केलं ते त्यांना समजलं होतं. आयुष्यभर साहेब लोक आणि तात्या यांच्यामध्ये कुणीतरी उभं राहून हेच करत आलं असणार. माझा चेहरा उतरला. मग मी जसंच्या तसं विचारलं, दोन्ही प्रश्न.

त्या माळ्याने विळा कमरेतून काढून मांडीवर ठेवला आणि थोडा विचार केला. पहिल्या प्रश्नाला म्हणाला, माहीत नाही, आजवर कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्याचं उत्तर हाताने दिलं. ओसरीच्या अगदी कडेला वाकला, बोटाने खडी बाजूला केली, चार बोटं खोल. खाली काळसर ओली माती होती. चिमूटभर काढून त्याने तात्यांच्या तळहातावर ठेवली. म्हणाला, मी इथे चाळीस वर्षं रोज सकाळी गवत काढतो. माती आहे म्हणून गवत येतं, आणि गवत येतं म्हणून मी येतो.

मी ते शब्दाला शब्द लावून सांगितलं. तात्यांनी माती बोटांत चोळली, वास घेतला आणि जिथून काढली तिथेच परत घातली. वरून खडी सारखी केली. "खरं बोलनारा मानूस हाय," म्हणाले. "म्हाईत न्हाई म्हनला."

परत आल्यावर मीटिंग झाली. मोरिता-सान, पाटोळे साहेब, तात्या, आणि मध्ये मी. पाटोळे साहेबांनी काँक्रीटचा नकाशा पडद्यावर लावला होता. मोरिता-सान यांनी तात्यांना विचारलं, काय पाहिलंत?

तात्या उभे राहिले. "खाली माती हाय," म्हणाले आणि बसले.

एवढ्या खर्चाच्या प्रवासाचा एवढाच रिपोर्ट. पाटोळे साहेब हसले, पण ते सोडणारे नव्हते. त्यांनी विचारलं, बरं, गवत कोण काढणार? तात्या म्हणाले, मी हाय. पाटोळे म्हणाले, "तुमची दोन वर्षं उरलीत, तात्या. पुढं?"

तात्या पुन्हा उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सायबाला जसंच्या तसं सांग. माज्या बापानं ही सगळी जमीन नांगरली. मी तिच्यावर फुलं लावली. तिचा येवढा तुकडा हवा घेतोय. म्होरं काय, ते मला म्हाईत न्हाई. पन आज तिचं नाक दाबू नगा."

मी जसंच्या तसं सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. मोरिता-सान यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते भावनेत वाहणारे गृहस्थ नव्हेत. म्हणाले, ठीक आहे, काँक्रीट नाही. पण बाग बाग दिसली पाहिजे. ज्या दिवशी तिथे गवत माजलेलं दिसेल, त्या दिवशी पाटोळे-सान यांचा नकाशा.

शेवंती तात्यांनी स्वतःच्या हाताने उपटली, मुळासकट, आणि झाडलोटीच्या बायकांना घरी लावायला वाटून टाकली. दगड नदीकाठचे आणले. दाताळं वेल्डिंगच्या पोरांकडून बनवून घेतलं. पहिल्यांदा रेघा ओढल्या तेव्हा मोरिता-सान म्हणाले, देवळात रेघा ओसरीला समांतर असतात, इथे तिरप्या का? तात्यांनी उत्तर दिलं, "आमचं तास असंच व्हतं, इहिरीकडं." मी ते सांगितलं. मोरिता-सान यांनी पार्किंगकडे वळून पाहिलं.

दोन वर्षं तात्या रोज पहिल्या शिफ्टच्या आधी यायचे, गवत काढायचे, रेघा ओढत उलटे चालत कडेला पोचायचे. शिफ्टची माणसं यायची तेव्हा आत एक पाऊल उमटलेलं नसायचं. नवीन पोरं मला विचारायची, मॅडम, हे आपोआप होतं का?

मे महिन्यात ते निवृत्त झाले. हार, शाल, घड्याळ. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात खडीत हिरवं दिसायला लागलं. नव्या कंत्राटाच्या माणसांना मूळ आणि पान यातला फरक माहीत नव्हता, ते वरून खुडायचे आणि आठ दिवसांत दुप्पट यायचं. पाटोळे साहेबांनी जुनी फाइल वर काढलेली मी पाहिली. मी तात्यांना फोन केला नाही, शपथेवर सांगते. पण पुढच्या मंगळवारी सव्वासातला गेटवरून पहिल्यांदा तो फोन आला, तात्या आलेत, तुम्हाला भेटायला.

निवृत्त माणसाला कामासाठी आत सोडत नाहीत, फक्त भेटीसाठी सोडतात. तात्यांनी नियम वाचून घेतला होता. ज्या रानात जन्म काढला, तिथे ते गळ्यात 'व्हिजिटर' असं लाल अक्षरांत लिहिलेलं कार्ड घालून उकिडवे बसायचे आणि पुढे पुढे सरकायचे. कार्ड सारखं खडीला लागायचं, म्हणून ते त्यांनी पाठीवर टाकलं होतं. मी वरून काचेतून बघायचे. एकदा खाली चहा घेऊन गेले, तर म्हणाले, "तू कामाला जा. आपली भेट झाली असं लिवलंय तितं."

पाटोळे साहेबही वरून बघायचे. फाइल पुन्हा कपाटात गेली.

दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात जुलै अर्धा झाला तरी फोन आला नाही. खडीत लव्हाळा चांगलाच वर आला होता. मग एका मंगळवारी फोन वाजला. गेटवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, तात्या तुम्हाला खरंच खाली बोलावतायत."

मी गेले. तात्या काठी घेऊन बागेच्या कडेच्या कट्ट्याशी उभे होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खुरपं हातात. खूप वाळले होते. म्हणाले, "गुडघं बसू देईनात." मागितलं काहीच नाही. माझ्या पायातल्या सँडलकडे एकदा बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघायला लागले.

मला आईची आठवण झाली. तिला सांगितलं असतं तर ती माझ्याशी महिनाभर बोलली नसती. मी सँडल काढले, कट्ट्यापाशी ठेवले, त्यांच्या हातातून खुरपं घेतलं.

"मुळासकट," तात्या म्हणाले. "आन येताना मागं मागं ये."

दीड तास लागला. पहिल्या शिफ्टची माणसं थांबून बघत होती, पाटोळे साहेब काचेत उभे होते. मी मध्ये मध्ये मान वर करून तात्यांकडे बघायचे. मला वाटलं होतं ते सूचना देतील, चुका काढतील. ते कट्ट्यावर पाय खाली सोडून बसले होते, गुडघ्यांवर हात. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या देवळाच्या ओसरीवर बसले होते तसेच, काहीही न करता, समोर बघत.

शेवटी मी दाताळं घेऊन उलटी चालत आले. माझी पावलं पुसत, विहिरीकडच्या तिरक्या रेघा ओढत, पाठीमागे न बघता. कट्टा जवळ आला तसं माझ्या मनात आलं, तात्यांचे पाय खडीवर टेकलेत, तेवढी जागा राहणार. मी वळून बघितलं.

तात्यांनी पाय आधीच वर उचलून धरले होते.